भंडाऱ्यातली तीळचटणी

दत्तराव पाटील मांडवाच्या खांबाला टेकून बसले होते आणि हवेतून सूत काढीत होते. डाव्या हाताच्या बोटांतून एक अदृश्य धागा उजव्या हाताने ओढावा, तो लांबवावा, गुडघ्याभोवती गुंडाळावा आणि पुन्हा ओढावा, असा त्यांचा उद्योग अत्यंत शांतपणे चालला होता. पत्रावळीवरचा भात तसाच होता. चेहरा मात्र भट्टीजवळ उभ्या राहिलेल्या माणसाप्रमाणे लालबुंद झाला होता.

"पाटील, काय चाललंय?" मी विचारले.

"गुंता झालाय, मुंजाजी. सोडवून घेतो अन् मग जेवतो."

पंगतीतील लोक हसले. मीही हसलो. परंतु पलीकडच्या ओळीत एक बाई माहेरी असलेल्या आपल्या भावाला समोर बसवून "अरे, तूप घे की" असा आग्रह करू लागली, आणि तिच्यासमोर कोणीच नव्हते, तेव्हा हसू आपोआप विरले. जो तो पाणी मागू लागला. पाणी पिऊनही जीभ टाळूला चिकटते असे लोक सांगू लागले.

मी सावळदरी गावाचा आचारी. मला सातवीच्या पुढे शाळेचा योग आला नाही. तथापि वाचनालयातील पुस्तकांचा सहवास मी सोडला नाही, आणि म्हणूनच त्या दिवशी जे पाहिले ते लिहून ठेवण्याचे धाडस आज इतक्या वर्षांनी करीत आहे. श्रावण सरला की आमच्या महादेवाचा भंडारा होतो. घरोघरचा शिधा येतो आणि त्यात महादेवाच्या पिंडीवर सोमवारी वाहिलेल्या शिवामुठीचे धान्य मिसळतात. देवाला दिलेले गावाच्या पोटात परत यावे, अशी त्यामागील भावना आहे.

माझी कन्या उर्मिला त्या वेळी विद्यापीठात शिकत होती. न्यायवैद्यक जीवशास्त्र आणि विषशास्त्र हे तिच्या विषयाचे नाव. गावात ते कोणाला उच्चारता येत नसे. "पोरगी मढ्याचं शिकती अन् बाप जेवणाचं करतो, घरात बरं जुळतंय," असे लोक म्हणत, आणि मी ते हसण्यावारी नेत असे. सुट्टीला आलेली ती त्या दिवशी पंगतीत पाणी वाढत होती. तिने तांब्या खाली ठेवला, पाटलांच्या पुढ्यात गुडघे टेकले, त्यांच्या डोळ्यांवर तळहाताची सावली धरली आणि एकदम काढून घेतली. पुन्हा धरली, पुन्हा काढली. मीही वाकून पाहिले. डोळ्यातील काळी बाहुली बुबुळभर पसरली होती आणि उन्हातही आक्रसत नव्हती.

"आबा, वाढणं थांबवा," ती म्हणाली. "सगळंच थांबवा. अन् एकही भांडं घासू देऊ नका."

पहिली आज्ञा मला समजली. दुसरीने मी चकित झालो. माणसे भ्रमिष्ट होत असताना हिला उष्ट्या भांड्यांची चिंता पडावी, याचा मला तेव्हा रागही आला. पण तिने प्रत्येक पातेल्यातील थोडे थोडे अन्न निरनिराळ्या स्वच्छ डब्यांत काढले, झाकणांवर चिकटपट्टी लावली, वर पदार्थाचे नाव लिहिले आणि मग आजारी माणसे जीपमध्ये बसवण्यास धावली.

तालुक्याच्या डॉक्टरांनी सर्वांना वाचवले. तेच म्हणाले की ही लक्षणे धोत्र्याची दिसतात. जीप परत आली तशी ती वार्ताही आली, आणि गाव विचारू लागले की धोत्रा घातला कोणी.

उत्तर शोधण्यास फार वेळ लागला नाही. माझ्या हाताखाली गयाबाई नावाची विधवा होती. पाट्यावर वाटण करावे ते तिनेच. त्या भंडाऱ्याची तीळचटणी तिने एकटीने वाटली होती. शाळेत मुलांची खिचडी शिजवण्याचे तिचे काम मागल्याच वर्षी सरपंच किशनरावांनी काढून घेऊन आपल्या नात्यातील बाईला दिले होते. तेव्हा गयाबाई चावडीसमोर पदर पसरून "तुमच्या तोंडात माती पडंल" असे म्हणाली होती. ते वाक्य आता प्रत्येकाला आठवले.

तिला ग्रामपंचायतीच्या खोलीत बसवून बाहेरून कडी लावली. दुसऱ्या दिवशी दुपारी ठाण्यातून जमादार येणार होते. गावाने एकमुखाने जबाब द्यायचा, असे ठरले. मागे ना नवरा, ना मूल, ना भाऊ. तिच्या बाजूने बोलणारे कोणी नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या अंगणात उर्मिलाने सारवलेल्या जमिनीवर पांढरा कागद पसरला. खिशात मावेल असे एक घडीचे भिंग तिच्याजवळ होते. वरण, भात, वांग्याची भाजी, लापशी असे एकेक ती पाण्यात कालवून, गाळून, गाळ कागदावर पसरवून पाहत होती. चटणीच्या डब्यापाशी तिचा हात थांबला.

"आबा, तीळ वाटले तरी सगळे वाटले जात नाहीत, नाही का?"

"पाट्यावर थोडे अख्खे राहतातच. मिक्सरवानी पीठ थोडंच होतं?"

"हे तीळ आहेत का बघा."

मी जन्मभर तीळ भाजलेला मनुष्य. भाजल्यावर त्यांचा रंग गडद होतो. तिने सुईच्या टोकाने काही दाणे बाजूला केले होते, तेही त्याच रंगाचे होते. पण भिंगातून पाहिले तेव्हा फरक दिसला. तीळ हा थेंबासारखा असतो, एका टोकाला निमुळता. हे दाणे चपटे होते, थोडे मोठे होते आणि त्यांचा आकार हुबेहूब माणसाच्या कानासारखा होता.

तिने एक तीळ ब्लेडने उभा चिरला. आतील कोंब सरळ होता. मग तिने तो कानासारखा दाणा चिरला. आतील कोंब गोल वळून बसला होता, जसे उबेला मांजर अंग मुडपून बसते. नखावर मावेल एवढ्या कवचात इतकी सुबक वळणे कोणी घातली असतील, या विचाराने मी भिंग खाली ठेवू शकलो नाही.

"धोत्रा," ती म्हणाली. "पण नुसतं दिसण्यावर भागत नाही. काम करतो का ते पाहायला पाहिजे."

तिने ते दाणे ठेचले, स्वच्छ पाण्यात भिजवले आणि गाळणकागदाच्या घड्यांतून पुन्हा पुन्हा गाळले. पूर्वी असा थेंब मांजराच्या डोळ्यात टाकून बघत असत, असे तिने मला सांगितले. धोत्र्याचे विष असेल तर बाहुली फाकते. आता विद्यापीठात यंत्रे आहेत, जिवाला त्रास देत नाहीत. पण यंत्र दूर होते आणि जमादार दुपारी येणार होते. ती आरशासमोर बसली आणि स्वतःची पापणी खाली ओढू लागली.

मी तिचा हात धरला.

"तुझा डोळा नको. तुला त्यानं बघायचंय. तपासणाराच तपासात गेला तर पुढं बघंल कोण? माझा घे."

"आबा, दोनेक दिवस जवळचं दिसणार नाही. ऊन सोसणार नाही. अन् कोणी असं करायचं नसतं, मी पण करायला नको."

"भाकरीचा अंदाज हाताला असतो. टाक."

तिने फार वेळ विचार केला. मग ते पाणी आणखी पातळ केले आणि एकच थेंब माझ्या उजव्या डोळ्यात सोडला.

आमच्या सौभाग्यवती चुलीपासून उठून आल्या. "शिकायला धाडलं व्हतं, बापाचे डोळे फोडायला नाही," असे त्या लेकीला म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, "आन् तुम्हाला तर सांगूनच उपेग नाही." परंतु त्या तेथून हलल्या नाहीत. माझ्यासमोर फतकल मारून बसल्या आणि माझ्या डोळ्याकडे टक लावून पाहू लागल्या.

प्रथम काही घडले नाही. नंतर समोरील चुन्याची भिंत हळूहळू उजळू लागली. ती इतकी उजळली की तिच्यातून प्रकाश पाझरतो आहे असे वाटले. अंगणातील राखेचा ढीग चांदीसारखा झाला. हाताच्या रेषा मात्र पुसल्या गेल्या. मी डावा डोळा मिटून उजव्याने पाहावे, पुन्हा उजवा मिटून डाव्याने पाहावे, आणि एकाच अंगणात मला दोन जगे दिसावीत, असा तो प्रकार होता.

"अगं बाई," सौभाग्यवती हळूच म्हणाल्या. "एक डोळा ह्यांचा हाय. दुसरा कुणाचा हाय?"

उर्मिलाने आरसा धरला. माझ्या उजव्या डोळ्यात काळेभोर विवर होते. तिने तळहाताची सावली धरली आणि काढली, जशी पाटलांवर धरली होती. डावी बाहुली आक्रसली. उजवी तशीच उघडी राहिली. एका थेंबाने माझ्या शरीराचे एक दार उघडून धरले होते आणि ते आता माझी आज्ञा मानीत नव्हते. मी भयभीत व्हायला हवे होते. पण खरे सांगतो, देवळात कळस चढताना पाहून जसे वाटते तसे मला वाटले.

आणि त्याच क्षणी माझ्या ध्यानात आले की आपण काय सिद्ध केले आहे.

"उर्मी," मी म्हणालो, "विष चटणीतच निघालं. चटणी तर गयाबाईनं वाटली."

"हो."

"मग हे आपण कोणाला बोलायचं नाही. नाहीतर तिची मान आपणच कापली म्हणायची."

"जे निघालं ते निघालं, आबा. ते झाकून पुढं जाता येत नाही." तिने चटणीचा डबा झाकून पुन्हा चिकटपट्टी लावली. "पण ती चटणी तिच्या पाट्यावर यायच्या आधी तीळच होती ना? तीळ कुठून आले होते?"

तीळ महादेवाचे होते. दुसऱ्या सोमवारच्या शिवामुठीचे.

महारुद्रअप्पा गुरव देवळाच्या ओवरीत बसले होते. वयाने ते माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. पिंडीची पूजा करावी आणि वाहिलेले धान्य जमा करावे, हा त्यांच्या घराण्याचा मान. माझा डोळा पाहून ते दचकले.

"मुंजा, हे रं काय?"

"अप्पा, पोरीच्या अभ्यासाचं हाय ते. दुखत नाही."

उर्मिला पायरीच्या खाली उभी राहिली. "अप्पा, भंडाऱ्याला दिलेल्या तिळातले काही उरलेत का?"

"हायेत थोडे. माझ्या वाट्याचे."

"बघू देता?"

अप्पांचा चेहरा बदलला. "पिंडीवरचं धान्य इखारी म्हणतीस काय तू?"

"धान्याला नाही म्हणत अप्पा. धान्यात काय आलं तेवढं बघते."

"आन् नाही दावले तर?"

"तर मी परत जाईन. तुमचं धान्य आहे."

ती खरोखरच हात जोडून वळली. अप्पांनी माझ्याकडे पाहिले, देवाकडे पाहिले आणि मग ते गाभाऱ्यात गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात कापडाचे एक गाठोडे होते. "अभिषेकाच्या पाण्यानं मुठी भिजत्यात," ते गाठ सोडता सोडता म्हणाले. "म्हणून मी आत कोरड्या जागी वाळवतो अन् बांधून ठिवतो. त्या सोमवारपासून ह्याला कुणाचा हात नाही."

मी घरून तिळाची चाळणी आणली होती; देवाचे धान्य चाळायचे नाही म्हणून भंडाऱ्याला ती वापरली नव्हती. उर्मिलाने तीळ चाळणीत ओतले आणि हलकेच हलवले. तीळ भुरभुर खाली गेले. चाळणीच्या तारांवर काही दाणे राहिले. त्यांना अग्नीचा स्पर्श झाला नव्हता, म्हणून त्यांचा मूळचा पिवळसर तपकिरी रंग तसाच होता. मला जवळचे धूसर दिसत होते. डावा डोळा लावून पाहिले. सगळे कान होते.

 अप्पा पुन्हा गाभाऱ्यात गेले आणि निर्माल्याची करंडी घेऊन आले. महादेवाला धोत्र्याची फुले वाहतात, फळेही वाहतात. देवावरून उतरलेले पायदळी येऊ नये म्हणून नदीत सोडेपर्यंत ते करंडीत ठेवायचे, अशी रीत आहे, आणि करंडी ठेवण्याची जागा वाळवणाच्या कापडाच्या वरच्या कोनाड्यात होती. करंडीतील काटेरी फळे वाळली होती. अप्पांनी त्यातील एक उचलले. ते चार कप्प्यांत उकलले होते. त्यांनी ते तळहातावर उपडे केले. उरलेसुरले बी खाली सांडले.

अप्पांनी त्यातले एक बी चाळणीतल्या दाण्याशेजारी ठेवून पाहिले.

"म्हंजी गावानंच वाह्यलं," अप्पा म्हणाले, "मीच वाळवलं, अन् गावानंच खाल्लं."

"हो, अप्पा."

"कुणाचाच डाव नव्हता."

"मला तसंच दिसतंय."

"तू सांग मग त्यांला जाऊन."

"मी बी दाखवीन. डब्यातली चटणी जमादारांकडं देईन, ती सरकारी तपासणीला जाऊ द्या, कारण मी अजून शिकाऊ आहे. पण गाभाऱ्यात गयाकाकू गेल्या होत्या की नाही, हे माझं भिंग कसं सांगणार?"

अप्पांनी मान खाली घातली. लोक मूठ आणि फुलेफळे उंबऱ्यापाशीच देत, गाभाऱ्यात अप्पांवाचून कोणाचा पाय पडत नसे, हे सर्व गावास ठाऊक होते. ते जे उच्चारतील त्याने गयाबाई सुटणार होती, आणि त्यानेच त्यांच्या घराण्याच्या मानाला बट्टा लागणार होता. ते गप्प राहिले असते तर त्यांना विचारण्याची छाती कोणाला झाली नसती.  त्यांना भाग पाडण्याचा आमचा अधिकार नव्हता.

अप्पांनी तीळ, बी आणि ते फुटके फळ असे सर्व गाठोड्यात परत बांधले. मग ते गाठोडे, जसे दरवर्षी भंडाऱ्याला देताना ते डोक्यावर घेत, तसे त्यांनी डोक्यावर घेतले आणि अनवाणी चालू लागले.

ग्रामपंचायतीसमोर गाव जमले होते. जमादार खुर्चीवर बसून घाम पुसत होते. खोलीची कडी काढून गयाबाईला बाहेर आणले होते आणि ती भिंतीला चिकटून उभी होती. माझा डोळा पाहून गर्दीत कुजबुज झाली. "आचाऱ्याला पण लागलं का काय?" कोणी म्हणाले. "आता खाल्लं का तुम्ही, का हे कालचं?" दुसऱ्याने विचारले.

"बापाचा डोळा मीच असा केलाय," उर्मिला म्हणाली, "त्याच चटणीनं. बघून घ्या."

लोक एकेक करून माझ्या चेहऱ्यापाशी येऊन पाहून गेले. मी उन्हाकडे तोंड करून उभा राहिलो. पाणी वाहत होते, तरी मी डोळा मिटला नाही.

"मंग ठरलं की," सरपंच म्हणाले. "चटणीतच व्हतं. अन् चटणी कुणी वाटली ते समद्याला म्हाईत हाय. घ्या लिहून, जमादारसाहेब."

गयाबाईने माझ्याकडे पाहिले. ते पाहणे मला आजही विसरता येत नाही.

तेव्हा महारुद्रअप्पांनी डोक्यावरचे गाठोडे उतरवून जमादारांच्या पायाशी सोडले. "हे गाभाऱ्यातले तीळ. वाटले नाहीत, भाजले नाहीत, गयाबाईच्या हाताला लागले नाहीत," ते म्हणाले. त्यांचा आवाज आरतीच्या वेळी असतो तसाच खणखणीत होता. "अन् हे तुम्ही-आम्ही वाह्यलेलं फळ. हे फुटून ह्याच्यात पडलं. ध्यान माझं नव्हतं. लिहायचं तर माझं नाव लिहा."

गर्दीतून एक आवाज आला, "अप्पा, कशापायी ह्या बाईपायी..."

"तिच्यापायी नाही," अप्पा म्हणाले. "चाळणी हालवताना मी सोता बघितलं. बघितल्यावर न बघितल्यावानी कसं करू?"

जमादार उठले. त्यांनी भिंग मागितले. उर्मिलाने कागदावर एक तीळ आणि एक बी शेजारी शेजारी चिरून ठेवले. जमादारांनी पाहिले, सरपंचांनी पाहिले, मग माणसांची रांगच लागली. सरळ कोंब, वळलेला कोंब.  कालपासून जे तोंड भरून शिव्या देत होते ते श्वास रोखून वाकत होते आणि पाहून झाल्यावर आपली जागा दुसऱ्यास देत होते.

जमादारांनी डबे आणि गाठोडे मोहोरबंद करून गाडीत ठेवले, अप्पांचा जबाब घेतला आणि गयाबाईला घरी जाण्यास सांगितले. लोक बाजूला झाले. वाट मोकळी झाली.

ती वाटेने गेली नाही. ती उर्मिलासमोर येऊन उभी राहिली.

"मला न्हाई दावलं, लेकी."

उर्मिलाने कागद तिच्यापुढे धरला आणि भिंग तिच्या हाती दिले. ते कसे धरायचे हे गयाबाईस माहीत नव्हते. उर्मिलाने तिचे मनगट धरून ते बरोबर अंतरावर आणले. वाटण करून कडक झालेल्या बोटांनी तिने ते तेथेच धरून ठेवले.

"एवढंसंच?" ती म्हणाली.

"हो काकू. एवढंसंच."

"अन् आत हे आसं... निजल्यावानी?"

"हो."

ती पाहत राहिली. ऊन डोक्यावर आले होते. सरपंच किशनराव खाकरले आणि म्हणाले, "चला गयाबाई, झालं आता. मोकळी करा जागा."

भिंगावरून डोळा न काढता गयाबाईने डावा हात उचलून त्यांना थांबण्याची खूण केली. सरपंच थांबले. जमादार थांबले, अप्पा थांबले, सारे सावळदरी गाव भर उन्हात जागच्या जागी थांबले, आणि तिचे पाहून पुरे होईपर्यंत तेथून कोणीही हलले नाही.